नामनिर्देशन नेमकं करतं कोण? उमेदवारी अर्ज, नामांकन आणि सूचक या शब्दांविषयी

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. निवडणुकीच्या बातम्यांत कधी 'उमेदवारी अर्ज' असतो, कधी 'नामनिर्देशनपत्र', तर कधी 'नामांकन'. यातला बरोबर शब्द कोणता आणि तो आला कुठून? फॉर्मवर 'सूचक' म्हणून सही करणारा माणूस नक्की काय करत असतो? आणि सही केल्यावर त्याचं मन बदललं तर?

माझी महसूल खात्यातली बरीच नोकरी निवडणूक शाखेशी बांधलेली होती. अर्ज स्वीकारायच्या आणि छाननीच्या टेबलावर मी बसलो आहे. त्यामुळे शब्दकोश नंतर उघडू, आधी फॉर्म बघू.

विधानसभेसाठी नमुना 2-ख आणि लोकसभेसाठी नमुना 2-क असतो. गावात याला सगळे 'उमेदवाराचा फॉर्म' म्हणतात, पण पहिल्याच ओळीत बोलणारा उमेदवार नसतो. 'अमुक मतदारसंघातून विधानसभेच्या निवडणुकीसाठी उमेदवार म्हणून मी पुढील व्यक्तीचे नामनिर्देशन करीत आहे', अशा आशयाचं ते वाक्य आहे, आणि त्यातला 'मी' म्हणजे सूचक. त्याखाली उमेदवाराचं नाव, पत्ता, मतदार यादीतला तपशील येतो. मग सूचक स्वतःचं नाव, यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून सही करतो. हा झाला भाग एक, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारासाठीचा. अपक्ष आणि इतर उमेदवारांसाठी भाग दोन आहे. तिथे वाक्य 'आम्ही' असं सुरू होतं आणि खाली दहा सूचकांचा तक्ता असतो. उमेदवाराला स्वतःचा आवाज मिळतो तो भाग तीनमध्ये. तिथेही तो 'मला निवडणूक लढवायची आहे' असं म्हणत नाही. 'या नामनिर्देशनास माझी संमती आहे' असं म्हणतो.

मला या प्रश्नाच्या उत्तरात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कायद्याच्या नजरेत नामनिर्देशन उमेदवार करत नाही आणि पक्षही करत नाही. ते त्या मतदारसंघातला मतदार करतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 33 ची रचनाच तशी आहे. सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार असला पाहिजे. उमेदवाराला ही अट नाही. विधानसभेला तो राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतो, फक्त तिथल्या यादीचा प्रमाणित उतारा त्याला द्यावा लागतो. लोकसभेला नागपूरचा मतदार वाराणसीत उभा राहू शकतो, पण त्याचं नाव पुढे करणारा माणूस वाराणसीचाच लागतो. म्हणूनच मोठे नेते सूचक निवडताना विचार करतात. 2014 मध्ये नरेंद्र मोदींनी वाराणसीत अर्ज भरला तेव्हा सूचकांमध्ये मदनमोहन मालवीय यांचे नातू गिरिधर मालवीय आणि गायक पंडित छन्नूलाल मिश्र होते. बाहेरून आलेल्या उमेदवाराला गावानं हात धरून पुढे आणलं, हा अर्थ त्या सह्यांनी दिला.

मग पक्षाचं 'तिकीट' म्हणजे काय? तिकीट हा शब्द कायद्यात नाही. पक्ष देतो ते ए आणि बी फॉर्म. हा उमेदवार आमच्या पक्षानं उभा केलेला आहे, एवढंच ते सांगतात. त्यावरून चिन्ह मिळतं आणि दहाऐवजी एका सूचकावर काम भागतं. हे फॉर्म अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावे लागतात. त्यांवर शाईची सही लागते. सहीचा शिक्का किंवा फॅक्स चालत नाही. तीनला दहा मिनिटं असताना बी फॉर्म घेऊन जिना चढणारी माणसं प्रत्येक निवडणुकीत दिसतात. पण बी फॉर्म असूनही सूचकाची सही नसेल, तर नामनिर्देशनच झालेलं नसतं. उलट सूचक दहा असतील आणि बी फॉर्म नसेल, तर माणूस अपक्ष म्हणून रिंगणात राहू शकतो. बंडखोरांना हे नीट ठाऊक असतं.

आता शब्दांकडे वळू. 'नामनिर्देशन' सरळ संस्कृतातून घडवलेला आहे. निर्देश म्हणजे बोट दाखवून सांगणं. 'दिश्' या धातूपासून दिशा, आदेश, उपदेश, निर्देश हे सगळे आले. नाव घेऊन दाखवणं, 'हा आमचा माणूस' असं म्हणणं, ते नामनिर्देशन. इंग्रजी नॉमिनेशनच्या मुळाशीही नाव या अर्थाचा लॅटिन शब्दच आहे. 1960 साली राज्य झालं, भाषा संचालनालय सुरू झालं आणि राज्यकारभार मराठीत आणायचं काम हाती घेतलं गेलं. त्या काळात रुळलेल्या परिभाषेतले अनेक शब्द जड वाटतात म्हणून लोक नावं ठेवतात. नामनिर्देशनही जिभेला जड आहे, हे मान्य. पण क्रिया कोण करतं हे त्या शब्दात अगदी नेमकं पकडलं आहे, म्हणून मी त्याची बाजू घेतो.

'उमेदवारी अर्ज'चं कूळ वेगळं. उमेद फारसी, म्हणजे आशा. त्याला 'वार' हा प्रत्यय लागला की आशा धरून असलेला तो उमेदवार. मराठीत या उमेदीला पुढे धीराची, हुरूपाची छटा आली. उमेद खचली, उमेदीची वर्षं, असं आपण म्हणतो. पण उमेदवार हा शब्द निवडणुकांच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे होता. एकोणिसाव्या शतकात कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र मोबदल्यावर लेखनकाम करत, एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण म्हणजे उमेदवार. 'वकिलांकडे दोन वर्षं उमेदवारी केली' हे वाक्य आजही घरोघरी कळतं, आणि 1961 च्या कायद्याचं मराठी नावही 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' असंच आहे. निवडणुका आल्या तेव्हा पद मिळण्याची आशा धरणाऱ्या माणसासाठी हा तयार शब्द हाताशी होता. इंग्रजीत कॅन्डिडेट रोमहून आला. तिथे पदासाठी उभा राहणारा माणूस खडूनं पांढरा केलेला झगा घालून लोकांत फिरे आणि त्या शुभ्र झग्यावरून त्याला नाव पडलं. रोमनांनी कपडा पाहिला आणि आपण मन पाहिलं. त्यामुळे 'उमेदवार' या शब्दाला माझा कसलाच आक्षेप नाही.

आक्षेप थोडा आहे तो 'अर्ज' या शब्दाला. अर्ज मूळचा अरबी, म्हणजे वरिष्ठापुढे केलेली विनंती. रेशनकार्डाला अर्ज, रजेचा अर्ज, फेरफाराचा अर्ज. माणूस सरकारपुढे काही मागायला उभा राहतो तेव्हा तो अर्ज करतो. 'उमेदवारी अर्ज' म्हटलं की असंच वाटतं की अमक्यानं साहेबांकडे निवडणूक लढवायची परवानगी मागितली, आणि साहेब ती देतील किंवा नाकारतील. टेबलापलीकडचे अनेक जण याच भावनेनं येतात, हात जोडून. टेबलाअलीकडच्या काही अधिकाऱ्यांनाही आपण मंजुरी देणारे आहोत असं वाटू लागतं. कायदा तसं मानत नाही. कलम 36 म्हणतं की महत्त्वाचा नसलेल्या दोषावरून नामनिर्देशन फेटाळू नये. कलम 33 सांगतं की नावातली किंवा यादी क्रमांकातली लेखनाची, छपाईची चूक अधिकाऱ्यानं दुरुस्त करू द्यावी. 'ज्ञानेश्वर'चं यादीत 'ज्ञानेश्वार' झालं असेल, तर त्यासाठी कुणाचा फॉर्म बाद होत नाही. बाद करण्याची मोठी कारणं म्हणजे उमेदवार पात्र नसणं, सूचक पुरेसे नसणं, आणि सही खरी नसणं. त्यातही उमेदवाराची किंवा सूचकाची, दोघांपैकी कुणाचीही.

बोलताना मात्र मीही 'फॉर्म भरला', 'अर्ज मागे घेतला' असंच म्हणतो. रोजच्या भाषेला चौकटीत बसवता येत नाही आणि बसवूही नये. अनामत रकमेतला 'अनामत' तरी कुठे शुद्ध आहे? अरबी 'अमानत'मधली अक्षरं मराठी तोंडात उलटली आणि तो झाला. 1951 मध्ये ही रक्कम लोकसभेला 500 आणि विधानसभेला 250 रुपये होती. आज ती 25,000 आणि 10,000 आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत की डिपॉझिट जप्त.

'नामांकन' हा शब्द विदर्भात सर्रास चालतो आणि आता बाकीच्या महाराष्ट्रातल्या बातम्यांतही शिरला आहे. तो हिंदीच्या वाटेनं आला. नागपूर-वऱ्हाड पूर्वी मध्य प्रांतात होतं आणि तिथल्या कचेऱ्यांत मराठी-हिंदी शेजारी शेजारी नांदत होत्या, हे लक्षात घेतलं तर त्यात नवल नाही. मराठीत मात्र 'नामांकित' म्हणजे प्रसिद्ध. 'नामांकित डॉक्टर' म्हणजे कुणी नाव सुचवलेला डॉक्टर नव्हे. म्हणून 'नामांकित उमेदवार' असं लिहिलं की वाचणारा क्षणभर अडखळतो. पुरस्कारांच्या बातम्यांत नामांकन रुळलं आहे, तिथे असू द्यावं. निवडणुकीच्या संदर्भात नामनिर्देशन लिहावं.

आता प्रथेचा उगम. आपली पद्धत ब्रिटनकडून आली. तिथे 1872 पर्यंत नामनिर्देशन लेखी नसे, तोंडी असे, तेही भर चौकात. लाकडी मंचावर चढून एक मतदार नाव पुकारे, दुसरा त्याला दुजोरा देई आणि जमलेले लोक हात वर करत. दंगे, दारू, दगडफेक हे सगळं त्याच मंचाभोवती चाले. 1872 च्या कायद्यानं गुप्त मतदान आणलं आणि नामनिर्देशनही कागदावर आणलं. एक सूचक, एक अनुमोदक आणि संमती देणारे आणखी आठ मतदार, अशा सह्या त्यावर लागू लागल्या. पुकारणाऱ्याच्या जागी सही आली, पण नाव पुढे करण्याचं काम मतदाराकडेच राहिलं.

आपल्या 1951 च्या कायद्यातही आधी सूचक आणि अनुमोदक असे दोघे होते. पहिल्याच निवडणुकीनंतरचा एक खटला निवडणूक शाखेत काम करणाऱ्या प्रत्येकानं वाचावा असा आहे: रतन अनमोल सिंग विरुद्ध आत्मा राम, सर्वोच्च न्यायालय, 1954. प्रकरण पंजाबचं. काही फॉर्मवर सूचक-अनुमोदक निरक्षर असल्यानं अंगठे होते, पण नियमाप्रमाणे ते अधिकाऱ्यासमोर साक्षांकित केलेले नव्हते. फॉर्म बाद झाले आणि न्यायालयानं ते बाद होणं कायम ठेवलं. अंगठ्याचं साक्षांकन ही किरकोळ तांत्रिक बाब नाही, असं न्यायालय म्हणालं. ऐकायला कठोर वाटतं. पण ज्याला लिहिता येत नाही त्याच्या नावानं कुणीही अंगठा उठवू शकतो, आणि साक्षांकन त्या निरक्षर मतदाराच्याच इच्छेचं रक्षण करतं. अंगठेबहाद्दर सूचक असेल तर त्याला स्वतः घेऊन या आणि अधिकाऱ्यासमोर अंगठा उमटवा, असं प्रत्येक उमेदवाराला मी सांगत आलो ते याच निकालामुळे. 1956 च्या दुरुस्तीनं लोकसभा-विधानसभेसाठी अनुमोदक गेला आणि सूचक उरला.

अनुमोदक हा फार सुंदर शब्द आहे. 'मुद्' म्हणजे आनंद, तोच मोद आणि मोदकातला. दुसऱ्याच्या पाठोपाठ आनंदानं होकार देणारा तो अनुमोदक. लोकसभेच्या फॉर्मवरून तो गेला तरी आपल्या सोसायट्यांच्या, मंडळांच्या, शिक्षणसंस्थांच्या इतिवृत्तात 'सूचक: श्री. अमुक, अनुमोदक: श्री. तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर' या ओळीत तो जिवंत आहे. तुमच्या संस्थेची निवडणूक असेल तर तिच्या उपविधीत किती सह्या सांगितल्या आहेत ते आधी पाहा. विधानसभेचा नियम तिथे लागू होत नाही.

अपक्षाला दहा सूचक लागतात, हे मात्र नंतरचं आहे आणि त्यात मराठी माणसाचाही वाटा आहे. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात 13,952 उमेदवार होते. एकट्या बेळगावात 456. तिथल्या मराठी भाषकांनी सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधण्यासाठी शेकड्यांनी फॉर्म भरले होते. आंध्रातल्या नलगोंड्यात 480 उमेदवार होते, त्यातही पाण्याच्या प्रश्नावर लढणारे शेतकरी होते. अनामत तेव्हा 500 रुपयेच होती आणि एका सूचकावर भागत होतं. त्याच वर्षी कायदा बदलला. अनामत 10,000 झाली, अपक्षाला दहा सूचक सक्तीचे झाले, आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून उभं राहण्यावर बंदी आली. 1998 मध्ये उमेदवारांची संख्या 4,750 वर उतरली. मतपत्रिका आटोक्यात आली हे खरं, आणि व्यवस्था चालवणारा म्हणून मला ते सोयीचं होतं. पण बेळगावच्या त्या लोकांनी नामनिर्देशनाच्या हक्काचाच सत्याग्रह केला होता, आणि ती वाट बरीचशी बंद झाली, हेही तितकंच खरं.

सूचकाच्या सहीचं वजन अलीकडे सगळ्या देशानं पाहिलं ते सुरतमध्ये. 2024 च्या लोकसभेला काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी, फॉर्मवरच्या सह्या आमच्या नाहीत, असं प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. नामनिर्देशनपत्रं बाद झाली, पर्यायी उमेदवाराचंही बाद झालं, उरलेल्यांनी माघार घेतली आणि 22 एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. मतदानाचा प्रश्नच उरला नाही. त्या दिवसानंतर 'सूचक म्हणून कार्यकर्त्याचीच सही घ्या, त्यात काय एवढं' असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही.

यावरचा इलाज कायद्यातच आहे. एका उमेदवाराला चारपर्यंत नामनिर्देशनपत्रं देता येतात आणि एक बाद झालं तरी दुसऱ्यावर परिणाम होत नाही. चारही संचांवर वेगवेगळे सूचक घ्या. अपक्ष असाल तर प्रत्येक संचाला नवे दहा शोधा, कारण दहातला एक दुसऱ्या मतदारसंघाचा निघाला की उरतात नऊ, आणि नऊ म्हणजे अपुरे. मतदारसंघांच्या सीमेवरच्या वस्त्यांत हे हमखास होतं. एका गल्लीची डावी बाजू एका यादीत असते, उजवी दुसऱ्या. यादीचा भाग आणि अनुक्रमांक स्वतः ताज्या यादीवरून उतरवून घ्या, मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावर विसंबू नका. पर्यायी उमेदवाराला लोक 'डमी' म्हणतात, पण तो नावापुरता असतो असं समजू नका. 2024 मध्ये रामटेकला रश्मी बर्वे यांचं नामनिर्देशन जातवैधतेच्या प्रश्नावरून बाद झालं, तेव्हा पर्यायी म्हणून नाव दिलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे लढले आणि खासदार झाले.

या शब्दाचा दुसरा अर्थही सांगायला हवा, नाहीतर गोंधळ होतो. नामनिर्देशन म्हणजे नाव सुचवणं, तसंच थेट नेमणं. राज्यघटनेच्या मराठी पाठात राज्यसभेचे बारा सदस्य राष्ट्रपती 'नामनिर्देशित' करतात. आपल्या विधान परिषदेच्या 78 पैकी 12 जागाही अशाच राज्यपालांकडून भरल्या जातात. वर्तमानपत्रं त्यांना 'राज्यपालनियुक्त आमदार' म्हणतात आणि ते चांगलं करतात, कारण वाचकाला फरक चटकन कळतो. लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर राज्यसभेत गेले ते या वाटेनं. तिथे सूचक नाही, छाननी नाही, मतदान नाही.

हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले ते इंग्रजी अमदानीत. 1892 च्या कौन्सिल कायद्यात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळांविषयीच्या कायद्यात, सरकारनं 'निवडणूक' हा शब्दच टाळला होता. नगरपालिका, लोकल बोर्डं, विद्यापीठ यांनी नावाची शिफारस करायची आणि गव्हर्नरनं तो माणूस नॉमिनेट करायचा, अशी ती रचना होती. प्रत्यक्षात मतं पडत, चुरस होई, पण कागदावर ती नेमणूकच. टिळक 1895 मध्ये मुंबई कौन्सिलात गेले ते मध्य विभागाच्या लोकल बोर्डांच्या मतांवर, आणि गोखले 1899 मध्ये गेले तेही याच कायद्याखाली. लोकांनी निवडलेला माणूस सरकारी दप्तरात मात्र सरकारनं नेमलेला. बँकेतलं 'नॉमिनी' हे तिसरंच प्रकरण. तिथे खातेदार नाव सुचवतो, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं शेअर्सच्या बाबतीत 2023 मध्येही पुन्हा स्पष्ट केलं आहे.

राहिला शेवटचा प्रश्न: सूचकाला सही मागे घेता येते का? माघारीचा हक्क कायद्यानं उमेदवाराला दिला आहे. माघारीची नोटीस सूचक नेऊन देऊ शकतो, पण उमेदवाराचं लेखी अधिकारपत्र असेल तरच. 'माझं मन बदललं' असं सूचकानं म्हटल्यानं फॉर्म बाद होण्याची तरतूद नाही. सुरतमध्ये वाद मन बदलल्याचा नव्हता, सही आपली नसल्याचा होता. आणि सूचकानं मतही त्याच उमेदवाराला दिलं पाहिजे, असंही बंधन नाही. मत गुप्त आहे.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांच्या नामनिर्देशनपत्रावर पंतप्रधान इंदिरा गांधींची सूचक म्हणून सही होती. पुढे पक्षातल्या संघर्षात त्यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितलं आणि त्यांच्या गटाची मतं व्ही. व्ही. गिरींकडे वळली. रेड्डींचं नामनिर्देशन वैध राहिलं, ते लढले, आणि दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर 4,05,427 विरुद्ध 4,20,077 असे हरले. त्या निवडणुकीत 15 उमेदवार होते, त्याआधी 1967 मध्ये 17 होते आणि त्यातल्या नऊ जणांना एकही मत मिळालं नव्हतं. म्हणून 1974 मध्ये राष्ट्रपतिपदासाठी दहा सूचक आणि दहा अनुमोदक सक्तीचे झाले, 1997 पासून ते पन्नास-पन्नास आहेत. इथे अनुमोदक अजून टिकून आहे, आणि एका मतदाराला एकाच नामनिर्देशनपत्रावर सही करता येते. 1977 मध्ये रेड्डी पुन्हा उभे राहिले. त्या वेळी 37 जणांनी नामनिर्देशनपत्रं दाखल केली होती. छाननीत 36 बाद झाली आणि रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले.